शंभरपैकी एकशे तीन

फेब्रुवारीचा पहिला रविवार, दुपारी अडीच. जागा: हॅमिल्टन, प्रभुणे काकांचं बेसमेंट. हजर: मनोहर प्रभुणे, म्हणजे काका; शैलाकाकू, पण वर-खाली करत; नितीन आणि भाग्यश्री वैद्य; त्यांची मुलगी सई; मी. गैरहजर: जोशींचा मुलगा. त्याला सर्दी झाल्याचा मेसेज सकाळी आला होता. मी तो वाचून दाखवला तेव्हा काका म्हणाले, "सर्दी नाही. मार्क."

मी आमच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. पोटापाण्यासाठी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक लावते. दोन्ही कामांत कोण आलं आणि कोण नाही हे लिहून ठेवावं लागतं, म्हणून काकांबद्दल लिहायला बसले तरी हजेरीनेच सुरुवात होते. ते कुठे जन्मले, कुठे शिकले, कॅनडात कधी आले, हे सगळं शोकसभेत दोघातिघांनी सांगितलं. त्यातलं निम्मं एकमेकांशी जुळत नव्हतं. काका असते तर उठून कागद मागितले असते.

काका मूळचे नागपूरचे. इथे स्टीलच्या कारखान्यात, टेस्टिंग लॅबमध्ये, रिटायर होईपर्यंत होते. बाहेरून आलेल्या मालाबरोबर सर्टिफिकेट यायचं, की हे लोखंड अमुक ताण सहन करतं. त्या सर्टिफिकेटवर विश्वास न ठेवणं हे काकांचं काम. ते एक तुकडा कापून घ्यायचे, मशीनमध्ये अडकवून तुटेपर्यंत ओढायचे, आणि मग सही करायची की नाही ते ठरवायचे. नोकरी संपली, सवय राहिली. फक्त ओढायला लोखंड उरलं नाही, मग आम्ही होतो.

"काऊन?" म्हणजे का, हा त्यांचा शब्द. पन्नास वर्षं कॅनडात राहून इंग्रजीला ऑन्टारिओचं वळण आलं होतं, पण संशय आला की तोंडातून नागपूर निघायचं. 'ऑल सीझन' टायर निम्म्या किमतीत मिळताहेत, असं कुणी सांगितलं की, "काऊन? सगळ्या ऋतूंचे म्हणजे कुठल्याच ऋतूचे नाहीत. विंटर टायर लाव." हवामानाच्या बातम्यांशी तर त्यांचं रोज भांडण. बाहेर उणे बारा, पण वाऱ्यामुळे वाटतंय उणे वीस, असं बाई सांगायची आणि काका टीव्हीला म्हणायचे, "वाटतंय ते तुझ्याजवळ ठेव. थर्मामीटर काय म्हणतो?" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "थर्मामीटर म्हणतो टोपी घाला." ती लोकरीची टोपी ते घरातही घालत. एक चष्मा नाकावर, दुसरा टोपीच्या कडेला अडकवलेला.

आता काकांकडच्या मार्कांच्या तपासणीबद्दल. ऑन्टारिओत बारावीला सगळ्यांची मिळून एक बोर्डाची परीक्षा नसते. प्रत्येक शाळा आपापले मार्क देते. विद्यापीठं बहुतेक ठिकाणी बारावीच्या सहा विषयांची सरासरी धरतात, आणि त्या सरासरीचं आतल्या खोलीत काय करतात ते पूर्णपणे कुणी सांगत नाही. कुठे शाळेप्रमाणे कमी-जास्त करतात म्हणे, कुठे अवघड अभ्यासक्रमाचे मार्क वेगळ्या तक्त्याने बदलून घेतात म्हणे. या 'म्हणे'वर आमच्या समाजाची निम्मी संभाषणं चालतात. काका म्हणायचे, "आपल्या वेळी बोर्ड होतं. बोर्डाला शिव्या देता यायच्या, आणि त्या एकाच पत्त्यावर जायच्या."

दर हिवाळ्यात ज्यांची मुलं बारावीत असतील ते आईबाप मुलांना आणि कागदांना घेऊन काकांकडे यायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. मंडळाच्या घटनेत असं पद नाही, मी पाहिलं आहे. कधी तरी कुणाच्या तरी अर्जातली मोठी चूक त्यांनी पकडली आणि तेव्हापासून लोक यायला लागले. मी वेळा ठरवून द्यायची. कौतुकाच्या अपेक्षेने येणारे एकदाच येत.

काका मार्कशीट शेवटच्या पानापासून वाचायचे. पहिल्या पानावर शाळेला दाखवायचं असतं ते असतं, असं त्यांचं मत. नंतर मुलाकडे बघून विचारायचे, "हे तुझे आहेत?" मुलं गोंधळायची. यस अंकल म्हणायची. "सगळे?"

एका मुलाचं आठवतं. त्याला शाळेत इंग्रजीत चौऱ्याहत्तर होते. बापाने त्याला संध्याकाळच्या एका खाजगी शाळेत घातलं आणि तोच विषय त्याने काही आठवड्यांत पुन्हा करून शहाण्णव आणले. काकांनी कागद खाली ठेवला.

"पत्ता दे मला त्या शाळेचा."

"कशाला काका?" बाप म्हणाला.

"मीपण जातो. माझं इंग्रजी पन्नास वर्षांत सुधारलं नाही, यांच्याकडे दोन महिन्यांत सुधारतं."

बाप रागावला. "सगळे करतात काका. आम्हीच साधुसंत का व्हायचं?"

"होऊ नको. पण विषय कुठल्या शाळेत केला ते विद्यापीठाला दिसतं. ते काय करतील मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

मुलाला पुढे प्रवेश मिळाला, आणि तो त्या शहाण्णवमुळे मिळाला की शहाण्णव असूनही, यावर मंडळात दोन तट पडले ते अजून आहेत.

घरच्यांनाही सूट नव्हती. त्यांच्या मुलीची, मीनलची गोष्ट काकू प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मीनलला शाळेत केमिस्ट्रीत अठ्ठ्याण्णव मिळाले. काकांनी उत्तरपत्रिका बघायला मागितली. बेरीज चुकली होती, खरे चौऱ्याण्णव होते. काका दुसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि चार मार्क कमी करून आले.

"जगातला एकमेव बाप," काकू म्हणायच्या. "लोक मार्क वाढवायला जातात, हे परत करायला गेले. जसं काही दुकानदाराने सुट्टे जास्त दिले होते!"

"बेरीज चुकली होती," काका म्हणायचे.

"पोरगी व्हँकूव्हरला जाऊन राहिली ती काय हवेसाठी? अजून तिला ताप आला तर किती आला ते सांगत नाही यांना. 'आई, आहे थोडा,' म्हणते."

यावर काका हसत नसत. एकदा फक्त मला म्हणाले, "चार मार्कांनी तिचं काही बिघडलं नाही. पण ती मला दोन वर्षं काही दाखवत नव्हती." आणि लगेच कुणाचा तरी अर्ज पुढे ओढला.

तर त्या रविवारी वैद्य मंडळी आली. ती डिसेंबरअखेर टेक्सासहून इथे राहायला आली होती. नितीन सॉफ्टवेअरमध्ये, ज्या कंपनीच्या कामासाठी आला ते काँट्रॅक्ट जानेवारीतच बंद झालं. सई बारावीत. अकरावी आणि बारावीचं पहिलं सत्र तिकडच्या शाळेत, दुसरं इथल्या. तिला मटेरियल्स इंजिनीअरिंग करायचं होतं आणि एका ठरावीक विद्यापीठातच करायचं होतं. त्याचं नाव लिहीत नाही, नाव लिहिलं की तिथल्या कटऑफसाठी मला फोन येतात. ते घरापासून लांब होतं, राहण्या-जेवणाचा खर्च आला. नितीनने येताक्षणी सांगून टाकलं, "काका, मोठी स्कॉलरशिप मिळाली तर ती जाणार. नाही तर घरात राहून इथेच काय मिळेल ते."

सई खिडकीकडे बघत होती. बेसमेंटची खिडकी, तिच्यातून बर्फाशिवाय काही दिसत नव्हतं.

काकांनी शेवटचं पान उघडलं. मग पहिलं. मग नाकावरचा चष्मा काढून टोपीतला लावला.

"कॅल्क्युलस, एकशे तीन," त्यांनी वाचलं. "कितीपैकी?"

"शंभरपैकी," नितीन म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तो लपवायचा प्रयत्नही होता.

"बरं बाप्पा. शंभर लिटरच्या टाकीत एकशे तीन लिटर."

"काका, ते वेटेड आहेत. एपीचे विषय अवघड असतात. कॉलेजच्या लेव्हलचे. म्हणून शाळा प्रत्येक एपी विषयाला दहा मार्क जास्त देते. नाही तर मुलं घेणारच नाहीत ना. सोपे विषय घेऊन शंभर आणतील."

हे काही चुकीचं नव्हतं. काकांनीही मान हलवली. "अवघड विषय घेतला म्हणून मान द्यावा. मान्य. पण अर्जात काय भरलंस?"

नितीनने लॅपटॉप वळवला. अर्ज आठवड्यापूर्वीच गेला होता. मार्क स्वतः भरायचे होते, शाळेचे अधिकृत कागद नंतर. सरासरीच्या चौकटीत नव्व्याण्णव.

"काऊन?"

"सरासरी एकशे एक येत होती," नितीन म्हणाला. "पण त्या चौकटीत शंभराच्या वर घेतच नाही. एरर येते. शंभर लिहायला मला कसं तरी वाटलं. म्हणून दोन कमी करून नव्व्याण्णव टाकले."

"कमी करून," काका म्हणाले.

"हो. उगाच बढाई नको म्हणून."

मला हसू येत होतं, पण भाग्यश्रीचा चेहरा पाहून मी चिवड्याची बशी पुढे केली. नितीन खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं तिकडे शंभराच्या वरचे आकडे बघून त्याला तेच खरे वाटायला लागले होते, आणि आपल्या घरच्या संस्काराप्रमाणे त्याने ते थोडे खाली आणून ठेवले होते. विनय म्हणून. जगातल्या कुठल्या प्रवेशकचेरीला हे कारण पटेल?

सहाही विषय एपीचे होते. काकांनी प्रत्येकातून दहा वजा केले. सरासरी एक्याण्णव आली.

"शाळेने दिले एकशे तीन," काका सईला म्हणाले. "तू मिळवले किती?"

"नाइन्टी-थ्री," ती म्हणाली. "आय टोल्ड बाबा. आय टोल्ड हिम इट लुक्स वीयर्ड."

"सई!" भाग्यश्री म्हणाली.

"एक्याण्णव चांगले आहेत," काका म्हणाले. "पण हे नव्व्याण्णव आज काढायचे. मार्कशीट तिकडे पोचायच्या आत. त्यांनी पकडण्याआधी आपण सांगायचं."

नितीन उठून उभा राहिला. पंचाण्णवच्या खाली आलं की सर्वांत मोठी स्कॉलरशिप आपोआप गेली, हे त्या विद्यापीठाच्या पानावर सगळ्यांनी वाचलं होतं. "काका, वेटेड चालत नाही असं त्यांनी कुठे लिहिलंय? दाखवा. चालतं असंही नाही लिहिलेलं. मग आपणहून का सांगायचं?"

"कारण न लिहिलेलं नेहमी त्यांच्या बाजूने असतं."

मग भाग्यश्री बोलली. "काका, एक विचारू? तुमच्या नातवाने पण तिथेच अप्लाय केलंय ना? मीनलताईंच्या मुलाने? त्याच कोर्सला?"

पायऱ्यांवर काकू चहाचा ट्रे घेऊन थांबल्या. हे मला माहीत नव्हतं. मी काकांकडे बघितलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं जे भाग्यश्रीच्या मनात होतं.

"केलंय," काका म्हणाले.

"मग?"

"मग काय? तुला संशय येणं बरोबर आहे. मीपण घेतला असता."

"त्याचेही मार्क मागितले होते यांनी," काकू ट्रे ठेवत म्हणाल्या. "त्याने दिले नाहीत. आईवर गेलाय. घ्या, चहा निवतोय."

कुणी चहा घेतला नाही. वैद्य मंडळी कोट चढवून निघाली. बूट घालताना नितीन मला हळूच म्हणाला, "वर्षाताई, म्हाताऱ्यांना वेळ जात नाही हो." गाडीवर बर्फ साचला होता. तो हाताने पुसत होता, ब्रश नव्हता. काकांनी आतून ब्रश आणून दिला आणि तो नितीनने घेतला. एवढंच काय ते त्या दोघांचं शेवटचं देणंघेणं.

सोमवारी संध्याकाळी चार वाजता मला सईचा फोन आला. ती काकांच्या घराबाहेर उभी होती आणि बेल वाजवायला घाबरत होती. मी जवळच होते, गेले. तिने काकांना सांगितलं की फोन ती स्वतःच करणार आहे, फक्त तिथे बसून करायचा आहे. आईबाबांना सांगितलं का, असं मी विचारलं. "आफ्टर," म्हणाली.

प्रवेशकचेरीतली बाई शांतपणे बोलत होती. सईने सगळं सांगितलं. बाई म्हणाली, कळवलंत ते बरं केलंत. जास्तीचे मार्क आम्ही स्वतःच काढून टाकतो, मूळ मार्क धरतो. अवघड विषय घेतलेत त्याची नोंद अर्ज वाचताना घेतली जाते, पण आपोआप मिळणारी स्कॉलरशिप मूळ सरासरीवरच ठरते. अर्जात दुरुस्ती करून ठेवते.

काका हातवारे करायला लागले. सईने फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम," काका इंग्रजीत म्हणाले, "हिने सांगितलं नसतं तर काय केलं असतं?"

"ते प्रत्येक केसवर अवलंबून आहे, सर."

"आणि अवघड विषयाची नोंद घेता, म्हणजे किती घेता?"

"आम्ही अर्जाकडे होलिस्टिकली बघतो, सर."

काकांनी माझ्याकडे बघून मराठीत सांगितलं, "म्हणजे सांगणार नाही." मग बाईंना म्हणाले, "ही दुरुस्ती केली असं ईमेलने लिहून पाठवा. आत्ता. आम्ही थांबतो." आणि ईमेल येईपर्यंत त्यांनी तिला फोन ठेवू दिला नाही.

मार्चच्या सुरुवातीलाच प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. बरोबर लहान स्कॉलरशिप. तेवढ्याने राहण्याचा खर्च निघत नव्हता. नितीनला ईमेलमधलं 'आम्ही स्वतःच काढून टाकतो' हे वाक्य पाठ झालं होतं. भेटेल त्याला तो सांगायचा: ते काढणारच होते, मग फोन करून पोरीचं नाव कशाला खराब केलं? उलट बाजूचे म्हणायचे, फोन केला म्हणून निदान प्रवेश तरी राहिला. मी दोन्ही ऐकून घेते. खरं काय ते त्या बाईंनी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी काकांनी मानलं नसतं. नातवाला त्या कोर्सला प्रवेश मिळाला का, हे मला अजून माहीत नाही. मी विचारलंही नाही.

एक वाट उरली होती. त्या विद्यापीठाची अजून एक स्कॉलरशिप होती, अर्ज करून मिळणारी, आणि ती मोठी होती. तिच्यात फक्त सरासरी बघत नाहीत, विषय कुठले घेतले तेही बघतात, निबंध मागतात, आणि नात्याबाहेरच्या एका माणसाची शिफारस मागतात, ज्याने मुलाचं काम जवळून पाहिलंय. टेक्सासच्या शिक्षिकेने नोकरी सोडली होती आणि ती उत्तर देत नव्हती. इथल्या शिक्षकांना सई जेमतेम ओळखीची. ती काकांकडे आली.

काका कधीच कुणाला शिफारसपत्र देत नसत. मंडळाच्या अध्यक्षांच्या मुलालाही दिलं नव्हतं. "मी त्याला ओळखतो म्हणजे त्याच्या वडिलांना ओळखतो," असं सांगितलं होतं.

सईला ते नाही म्हणाले नाहीत. गॅरेजमधून दोन तुटलेले बोल्ट आणून तिच्यापुढे टाकले. एकाचं तोंड सपाट, दाणेदार, साखरेच्या खड्यासारखं चमकणारं. दुसऱ्याचं निमुळतं होऊन वाटीसारखं तुटलेलं.

"कोणता आधी ताणला गेला आणि मग तुटला? आणि कोणता न सांगता तुटला? न सांगता तुटला तो तसा काऊन तुटला?"

सईने दोन्ही बराच वेळ फिरवून बघितले. कोणता कसा तुटला ते सांगितलं, ते बरोबर होतं. तसा का तुटला, याला म्हणाली, "आय डोन्ट नो."

काकांनी टोपी मागे सारली. सई वर गेल्यावर मला म्हणाले, "माहीत नाही म्हणाली. इतकी वर्षं पोरं येतात इथे. एक तरी कधी 'माहीत नाही' म्हणालं का?"

पुढच्या रविवारी ती उत्तर घेऊन आली: थंडीत काही लोखंड ठिसूळ होतं, ताणलं जायच्या आधीच चिरतं. काकांनी दुसरे बोल्ट काढले. मग वेल्डिंगचा तुटका सांधा. मार्चभर दर रविवारी ती बसने यायची, घरी लायब्ररीत जाते असं सांगून. काकू तिला थालीपीठ खायला घालायच्या आणि काकांना टोमणे. "आमच्या मीनलला एवढा वेळ दिला असता तर!" एका रविवारी मी वर गेले तेव्हा ते व्हँकूव्हरला फोन लावून बसले होते आणि पलीकडून नुसतीच बेल वाजत होती.

शिफारसपत्र मीच टाइप केलं. काका सांगत गेले. "मी या मुलीला आधी ओळखत नव्हतो. तिच्या अर्जातले मार्क मला खरे वाटले नाहीत आणि ते नव्हते. ही गोष्ट तिने स्वतः तुम्हाला कळवली. मी तिला तुटलेले तुकडे दिले. एकाचं कारण तिला माहीत नव्हतं, तसं ती म्हणाली. आठवड्याने तिने बरोबर कारण आणलं. ते तिने पाठ केलेलं नाही ना, हे मी दुसऱ्या तुकड्यांवर बघितलं. केलेलं नाही."

"काका, एखादं विशेषण तरी घाला. हुशार, मेहनती, काही तरी."

"सगळ्यांच्या पत्रात असतात ती. त्यांचे दहा मार्क ते आधीच काढत असतील."

"निदान शेवटी 'मी हिची शिफारस करतो' असं?"

"पत्र लिहिलं ना मी? मग?" त्यांनी सही केली. फोनच्या रकान्यात माझा नंबर घालायला सांगितला, कारण अनोळखी नंबर ते कधी उचलत नसत.

एप्रिलच्या शेवटी त्यांना छातीत दुखून माझ्याच हॉस्पिटलात आणलं. लंचच्या सुट्टीत मी वर गेले. नर्स दंडाला कफचा पट्टा गुंडाळून ब्लडप्रेशर घेत होती. लोखंडात काम केल्यामुळे त्या वयातही काकांचे दंड जाड होते.

"कफ लहान आहे हा," ते तिला म्हणाले. "लहान लावला की जास्त दाखवतो."

नर्स थकलेली होती. तरी ती गेली आणि मोठा कफ घेऊन आली. आकडा खाली आला. काकांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. "झालं समाधान? आता पडा गप," त्या म्हणाल्या, पण त्यांनी काकांचा हात धरून ठेवला होता.

सईच्या स्कॉलरशिपचं काही कळलं का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं. मला एक वाजता खाली पोचायचं होतं. दारातून वळून बघितलं तेव्हा काका मनगटावरचा हॉस्पिटलचा पट्टा डोळ्यांजवळ नेऊन स्वतःचं नाव आणि जन्मतारीख तपासत होते. चष्मा सापडत नव्हता म्हणून हात कधी जवळ न्यायचे, कधी लांब.

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. मीनल आली. तिने सगळे कागद नीट विचारून घेतले, डेथ सर्टिफिकेटवरची प्रत्येक ओळ वाचली आणि वडिलांच्या नावातली एक चूक दुरुस्त करून घेतली. नितीन आणि भाग्यश्री शोकसभेला आले, मागच्या रांगेत बसले आणि प्रसाद न घेता गेले. सई शेवटपर्यंत थांबली. तिने काकूंबरोबर खुर्च्या उचलल्या.

परवा, शुक्रवारी, मी थिएटरचं वेळापत्रक लावत असताना फोन येऊन गेला. घरी आल्यावर निरोप ऐकला. विद्यापीठाच्या स्कॉलरशिप कमिटीकडून एक बाई बोलत होती: सईचं नाव शेवटच्या काही अर्जांत आहे, तिच्याबद्दल मिस्टर प्रभुणे यांच्याशी दहा मिनिटं बोलायचं आहे, त्यांच्या पत्राबद्दल कमिटीला काही प्रश्न आहेत. निर्णय पुढच्या आठवड्यात होणार आहे, तेव्हा सोमवारी फोन करावा.

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सईला सांगितलं तर ती पहिलं विचारेल, आता काय. नितीनला सांगितलं तर तो विचारेल, काका गेले हे आपणहून का सांगायचं. रविवारी मार्चभर मी वर चहा पीत होते. खाली बोल्टबद्दल काय बोलणं झालं ते मी अर्धंच ऐकलं. जे ऐकलं नाही ते मी सांगू शकत नाही, आणि जे ऐकलं ते एका मराठी मंडळाच्या सेक्रेटरीच्या तोंडून कमिटीला किती खरं वाटेल, हेही मला सांगता येत नाही.

उद्याची यादी लिहून झाली आहे. किराणा, थिएटर तीनच्या वेळा, काकूंची फार्मसी, मंडळाच्या हॉलचं भाडं. सर्वांत वर त्या बाईंचा नंबर आहे. त्यांचं ऑफिस साडेआठला उघडतं. पहिलं वाक्य काय बोलायचं ते मी तीनदा लिहून खोडलं आहे.